कोऱ्या वहीवरच्या सह्या: खाणीच्या लोकसल्लामसलतीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती खाणींचे पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत. काम थोडक्यात सांगितलं होतं: गावात जायचं, बैठक घ्यायची, फोटो काढायचे, हजेरी घ्यायची. त्या हजेरीच्या कागदांनी माझी पुढची दोन वर्षं खाल्ली. कोल्हापुरातून दर वर्षी समाजकार्य आणि पर्यावरणशास्त्र शिकून मुलं-मुली या कामात येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासणं, आणि जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पावर लोकांचं म्हणणं जाहीरपणे ऐकणं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, शाहूवाडीपासून राधानगरी, भुदरगड ते चंदगडपर्यंत, जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाची सपाट पठारं, आहेत. बॉक्साईट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, सापडतं ते याच जांभ्यात. हाच जांभा पावसाचं पाणी पोटात धरतो आणि सड्याच्या कडेला झऱ्यांतून सोडतो. खालच्या गावाला नळयोजना असते, वरच्या धनगरवाड्याला मात्र तो झराच.

माझी बैठक खालच्या गावात, देवळात झाली. चाळीसएक माणसं होती. वरच्या वाड्यातल्या काही बायका डेअरीला दूध घालून परत निघाल्या होत्या, त्याही चहाला थांबल्या. छापील हजेरीपत्रक मी ऑफिसात विसरले होते, म्हणून वहीची पानं फिरवली. नाव, सही किंवा अंगठा. वर मथळा नाही, तारीख नाही, काही नाही. कशासाठी सही, असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी जनसुनावणीच्या मांडवात एका तरुणानं अहवालाची प्रत उघडून धरली. परिशिष्टात माझ्या वहीची तीच पानं होती आणि त्यांच्यावर टाईप केलं होतं: प्रकल्पास पाठिंबा देणारे ग्रामस्थ. वाड्यातली एक आज्जी उठली. अधिकाऱ्यांकडं तिनं बघितलंही नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरी, तू च्या प्यायला बोलीवलंस म्हून अंगठा दिला. डोंगर द्यायला न्हवं."

मी त्याच आठवड्यात वरिष्ठांना लेखी कळवलं. असंच जोडतात सगळे, असं उत्तर आलं. मग ती पानं केवळ हजेरीची आहेत असं पत्र मी माझ्या नावानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलं आणि नोकरी सोडली. पत्र द्यायला मला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मला अजून टोचतात.

म्हणून सहीबद्दल जरा जास्तच सांगते, कंटाळू नका. प्रत्येक पानावर, फक्त पहिल्या पानावर नव्हे, ठिकाण, तारीख आणि विषय लिहा. त्याखाली ठळक अक्षरांत लिहा: ही सही फक्त हजेरीची आहे, प्रकल्पाला संमती किंवा विरोध म्हणून धरू नये. हे वाक्य सह्या सुरू होण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटच्या सहीखाली जी जागा उरते तिथं आडवी रेघ मारा, नाहीतर नंतर नावं वाढतात. पानांना 'पैकी' घालून क्रमांक द्या, चारपैकी एक, चारपैकी दोन. अंगठा असेल तिथं मजकूर वाचून दाखवणाऱ्याची सही शेजारी घ्या. तिथंच सगळ्यांसमोर पानांचे फोटो काढा आणि गाव सोडण्याआधी एक प्रत गावातल्या माणसाकडं द्या. ती सरपंचांकडंच ठेवू नका, वाड्यावरही एक जाऊ द्या. "नंतर झेरॉक्स पाठवतो" असं म्हणालात की ती प्रत जात नाही. मी हे स्वतः म्हटलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या मते पहिल्याइतकीच घातक आहे. आपल्या अहवालांत एक तयार रकाना असतो, अनुसूचित जमाती. कोल्हापुरात तिथं आकडा लहान येतो आणि आदिवासींचा प्रश्न उद्भवत नाही असं लिहून प्रकरण मिटवतात. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथं लागू होत नाही, हे बरोबर आहे. धनगर समाज राज्याच्या यादीत भटक्या जमाती (क) मध्ये आहे, हेही बरोबर. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहून त्यावर जगणारे. चराईचा आणि पाण्याचा सामूहिक हक्क त्यांनाही मागता येतो. रकान्यात माणूस बसत नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही. हे कुणी मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

ग्रामसभा हा शब्दही जपून वापरा. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या हजर असली की गणपूर्ती होते. वनहक्काच्या ग्रामसभेला २०१२ च्या दुरुस्तीपासून निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. पहिल्या सभेचा ठराव दुसरीच्या जागी जोडलेला दिसला तर तिथंच थांबा आणि विचारा. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आपली परिस्थिती वेगळी आहे, पण ग्रामसभा खरी भरली तर तिच्या शब्दाला केवढं वजन येतं ते त्यातून कळतं.

जनसुनावणी म्हणजे संमती नव्हे. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत ३० दिवसांची नोटीस आहे, गणपूर्ती नाही, मतदान नाही. लोक बोलतात, त्याचं चित्रीकरण होतं, मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असतात आणि कंपनीनं अंतिम अहवालात त्यांना उत्तर द्यायचं असतं. नोटीस दोन दैनिकांत येते. धनगरवाड्यावर पेपर जात नाही. पेपर जात नाही तिथं दवंडीसारख्या मार्गानं कळवावं, असं त्याच अधिसूचनेत आहे. हे कलम फार कमी जण वाचतात. तुम्ही वाचा आणि दवंडी झाली का, हे वाड्यावर जाऊन विचारा.

मराठी सारांशाकडं मी हट्टानं बघते. 'अतिभार' असा शब्द एका सारांशात होता. खाणीवर काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाला तो शब्द वापरला होता आणि तो ढीग झऱ्याच्या डोक्यावर येणार होता. 'काढलेल्या माती-दगडाचा ढीग' असं लिहिलं असतं तर सारांश वाचलेल्या प्रत्येकानं त्याच दिवशी हरकत घेतली असती. मोबाईलवरच्या फॉर्मनं सर्वेक्षण उरकू नका. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला म्हणजे गावाला कळलं, असंही धरू नका. ज्यांच्याकडं फोन आहे त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला असतात आणि म्हशी राखणारा माणूस दिवसभर सड्यावर असतो. बैठक रोपलावणीच्या दिवसांत ठेवू नका. झरे बघायला डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा सगळेच वाहत असतात. मे महिन्यात जा, म्हणजे वाडा कुठल्या पाण्यावर तगतो ते दिसेल.

गुरूबद्दल माझं मत कडक आहे. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका निवृत्त तलाठ्यांनी. गावनकाशा उलगडून ते विचारायचे, "वाडा कुठं आहे सांगा." बऱ्याचदा तो नकाशात नसायचाच. तिथून मी सातबारा, फेरफार, गायरानाच्या नोंदी बघायला शिकले. चकचकीत सादरीकरणं करणारे वरिष्ठ तुम्हाला पुष्कळ मिळतील. त्यांच्याकडून टाचणं लिहायला शिका, पण गाव समजून घ्यायला तलाठी, कोतवाल, आशाताई यांच्याकडंच जा.

घाबरून हे क्षेत्र सोडू नका. माझ्यासारखी चूक झालीच तर ती लेखी दुरुस्त करता येते, मंडळाकडं कागद देता येतो आणि तो नोंदीत राहतो. माझ्या पत्राची नोंद झाली. मात्र अकरा दिवस थांबू नका.

मागच्या मे महिन्यात मी त्या वाड्यावर पुन्हा गेले, या वेळी झऱ्यांची नोंद करायला. छापील मथळ्याचा कागद नेला होता. आज्जीनं तो हातात घेतला, उलटा केला, मागची बाजू कोरी आहे ना बघितलं. मग म्हणाली, "वाच." मी वाचला. "अजून एकदा वाच." दुसऱ्यांदा वाचल्यावर तिनं सुनेला हाक मारली, तिलाही ऐकवायला लावलं आणि मग शाईची डबी मागितली.