अकर्मक क्रियापद ओळखायला एक प्रश्न

विद्यार्थी इंग्रजी वाक्य घेऊन येतो तेव्हा मी आधी क्रियापदावर बोट ठेवायला लावते आणि विचारते, ‘काय? कोणाला?’ ‘शी ब्रोक द कप.’ काय फोडलं? कप. कर्म सापडलं, क्रियापद सकर्मक. ‘द बेबी स्लेप्ट.’ बाळ काय झोपलं? प्रश्नच बसत नाही; म्हणजे अकर्मक.

फसगत होते ती ‘ही स्लेप्ट टू अवर्स’मध्ये. ‘टू अवर्स’ कर्मासारखं दिसतं, पण ते ‘किती वेळ’चं उत्तर आहे. आणि ‘द कप ब्रोक’ म्हटलं की तेच ‘ब्रेक’ अकर्मक! म्हणून याद्या पाठ करू नका, वाक्य बघा.

अकर्मकाचा कर्मणी प्रयोग (पॅसिव्ह व्हॉइस) सहसा होत नाही. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’मधला ‘वॉज’ मी दरवर्षी खोडते.