अठरा वर्षे पूर्ण होताना मानसोपचार कसे सुरू ठेवावेत

बालमानसोपचार विभागात उपचार घेणाऱ्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की बहुधा मोठ्यांच्या ओपीडीत जावे लागते आणि उपचार सुटण्याचा धोका नेमका याच काळात असतो. म्हणून तयारी सतराव्या वर्षीच सुरू करावी. जुन्या डॉक्टरांकडून निदान, चालू औषधांची मात्रा, पूर्वी न मानवलेली औषधे आणि आजार उलटण्याआधी दिसणारी लक्षणे (झोप उडणे, जेवण टाळणे, मित्रांना तोडणे) यांचा सारांश लिहून घ्यावा. कागदांची पिशवी नव्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करून हे काम होत नाही. शक्य असल्यास नव्या डॉक्टरांची पहिली भेट जुने उपचार चालू असतानाच घ्यावी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साहाय्य करणारी व्यक्ती, सामान्यतः पालकच असतात. सज्ञान झाल्यावर मात्र तो प्रतिनिधी निवडण्याचा आणि उपचारांविषयी आगाऊ निर्देश (पुढे स्वतः निर्णय घेता न आल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत हे) लिहून ठेवण्याचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. आईवडिलांना हे जड जाते, तरीही डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची सवय त्याला आधीपासून लावावी. दोन भेटींच्या दरम्यान अडचण आल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलता येते.