ऑटोपायलटच्या सुकाणू मोटरसाठी कंट्रोलर कसा निवडायचा

शिडाच्या बोटीला स्वतः ऑटोपायलट बनवायचा म्हटलं की सगळं लक्ष कंपास, जायरो (बोट किती वळतेय ते मोजणारा सेन्सर) आणि सॉफ्टवेअरकडे जातं आणि मोटर फिरवणारं सर्किट, म्हणजेच कंट्रोलर, मात्र हाताला लागेल ते लावलं जातं. पण वारा वाढला, लाटा मागून यायला लागल्या की सगळ्यात जास्त ताण याच सर्किटवर येतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितोय. इथे साधी ब्रशवाली १२ व्होल्टची डीसी मोटर धरलीये, बहुतेक टिलर (सुकाणूचा दांडा) आणि व्हील (सुकाणूचं चाक) फिरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये तीच असते.

आधी मोटर मोजा, मग कंट्रोलर बघा. मोटरवर छापलेला करंट हा सहसा ती नेहमीच्या भाराखाली फिरत असतानाचा असतो, आपल्याला हवा तो शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) अडकल्यावरचा, म्हणजे स्टॉल करंट. शाफ्ट घट्ट धरून ठेवा, करंट लिमिट असलेल्या सप्लायवरून १-२ अँपिअर सोडा, मोटरच्या टोकांवरचे व्होल्ट मोजा आणि भागाकार करा (नुसता मल्टिमीटर इतक्या कमी ओहमला नीट दाखवत नाही). शाफ्ट थोडा थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा, ब्रशमुळे फरक पडतो. समजा ०.६ ओहम आले तर १२ व्होल्टला २० अँपिअर, आणि बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्ट असेल तर २४. आणि ऑटोपायलटची मोटर एकाच दिशेला फिरत बसत नाही, ती सतत सुरू-बंद-उलट होत असते. जोरात फिरणारी मोटर एकदम उलटी केली तर फिरताना तिच्यात तयार होणारा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतो आणि क्षणभर करंट स्टॉलच्या जवळपास दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे वेग हळूहळू कमी करून मगच दिशा बदलणारा प्रोग्रॅम हवाच.

आता बाजारातले पर्याय. एल२९८एन सोडून द्या, जुनी ट्रान्झिस्टरची चिप आहे, चॅनलला जेमतेम २ अँपिअर आणि तेवढ्यातही बरेच व्होल्ट स्वतःच खाते. आयबीटी-२ नावाचा बोर्ड खूप जण घेतात, त्यावर दोन बीटीएस७९६० चिप असतात आणि जाहिरातीत ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा चिप स्वतःला वाचवायला करंट अडवते त्याचा आहे, सतत चालवायचा नाही. हिशोब बघा, एका चिपच्या वरच्या आणि खालच्या स्विचचा मिळून रोध साधारण १६ मिलीओहम, करंट एका चिपच्या वरच्या आणि दुसरीच्या खालच्या स्विचमधून जातो म्हणजे एकूण १६च. १० अँपिअरला १.६ वॅट उष्णता, २० ला ६.४ वॅट, आणि चिप तापली की रोध अजून वाढतो. बंद डब्यात, छोट्या हीटसिंकवर मी त्याच्यावर १० अँपिअरच्या वर भरवसा ठेवणार नाही. लहान टिलर ड्राइव्हला मात्र तो चांगला आहे. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या) गाडीचे ब्रशवाल्या मोटरसाठीचे ईएससी, म्हणजे वेग नियंत्रक, भरपूर करंट देतात, पण बरेचसे उलट जाण्याआधी ब्रेक लावून थांबतात आणि करंट किती चाललाय ते सांगत नाहीत.

आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच आहे, कंट्रोलर करंट मोजतो का? सुकाणू टोकाला जाऊन टेकलं किंवा दोरी अडकली तर ते कळायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग करंट आहे. करंट वाढला की त्या दिशेला मोटर बंद, उलट दिशेला मात्र चालू द्यायची. मोजायला शंट रेझिस्टर (करंटच्या वाटेत लावलेला छोटा रोध, त्यावरचे व्होल्ट मोजून करंट कळतो) घेतला तर ०.०१ ओहमवर २० अँपिअरला ४ वॅट फुकट जातात, १ मिलीओहम आणि अँप्लिफायर बरा. किंवा एसीएस७१२ सारखा हॉल सेन्सर (करंटच्या चुंबकीय क्षेत्रावरून मोजणारा), त्याचा ३० अँपिअरवाला प्रकार अँपिअरमागे ६६ मिलीव्होल्ट देतो. पायपायलट या ओपन सोर्स ऑटोपायलट प्रकल्पात आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला कळवतो, ते सर्किट जरूर बघा. आदेश यायचे थांबले की मोटर थांबवायचं काम रास्पबेरी पायवर टाकू नका, ते मोटरजवळच्या मायक्रोकंट्रोलरनेच करायचं.

स्वतः ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं चार स्विचचं सर्किट) बनवणार असाल तर मॉस्फेट, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच, किमान ४० व्होल्टचे घ्या. मॉस्फेट चालू-बंद करणारा आयआर२१०४ सारखा ड्रायव्हर पूर्ण १०० टक्के ड्यूटीवर (म्हणजे स्विच सतत चालू ठेवून) चालत नाही, वरचा मॉस्फेट चालू ठेवणारा त्याचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर मधेमधे भरावा लागतो, थोडं कमी ठेवा. पीडब्ल्यूएम (वेग बदलायला मोटरचा सप्लाय झटपट चालू-बंद करणं) १६-२० किलोहर्ट्झला ठेवलं तर मोटर किणकिणत नाही, केबिनमध्ये झोपलेल्याला फार फरक पडतो, फक्त मॉस्फेट जरा जास्त तापतात. मोटर सुकाणूला जोडणारा-सोडवणारा क्लच असेल तर त्याला वेगळा मॉस्फेट आणि कॉइलवर उलटा डायोड.

वायरीत कंजुषी नको. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर मीटरला साधारण ७ मिलीओहम, बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, १५ अँपिअरला १ व्होल्ट तिथेच गेला. दोन्ही वायरी एकमेकींना पिळून न्या आणि कंपासपासून लांब ठेवा, नाहीतर मोटर चालू झाली की कंपास हलतो. फ्यूज बॅटरीजवळच, वायरीला झेपेल तेवढाच.

बोटीवर बसवण्याआधी टेबलावर तीन गोष्टी करा. करंट लिमिट कमी ठेवून शाफ्ट अडवा आणि कंट्रोलर मोटरचा करंट बंद करतो का बघा. मग मोटर चालू असताना सिग्नलची वायर काढा, थांबलीच पाहिजे. शेवटी डबा बंद करून तासभर मोटर डावी-उजवी करत ठेवा आणि लगेच उघडून चिपचं तापमान मोजा. आणि मोटरचा सप्लाय तोडणारा एक स्विच सुकाणूवरून हात पोचेल अशा जागी लावा, तो सॉफ्टवेअरमधून नाही, थेट वायरीत.