जुन्या जीपचा रेडिएटर बदलताना

जुन्या जीपला किंवा जिप्सीला मोठा रेडिएटर बसवण्याआधी गाडी नेमकी कधी तापते, हे पाहणे आवश्यक आहे. महामार्गावर वेगात असताना तापमानाचा काटा वर चढत असेल, तर कोरच्या (रेडिएटरच्या मधल्या जाळीसारख्या भागाच्या) नळ्या आतून गाळाने भरल्या असण्याचा संभव जास्त असतो. मात्र चोर्ला घाट चढताना किंवा कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर पहिल्या गिअरमध्ये जाताना गाडी तापत असेल आणि मोकळा रस्ता लागताच काटा खाली येत असेल, तर बहुतेक वेळा हवा कमी पडते आहे असे समजावे. कोरची खात्री करण्यासाठी गाडी चालवून आल्यावर, इंजिन बंद करून, इन्फ्रारेड थर्मामीटर कोरवर फिरवावा. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड दिसला, तर तेथील नळ्या तुंबलेल्या आहेत.

हवेसाठी श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे आवरण, सर्वांत महत्त्वाचे आहे आणि जुन्या गाड्यांतून नेमके तेच गायब झालेले असते. श्राउडने कोरची संपूर्ण मागची बाजू झाकली पाहिजे आणि पंख्याची पाती साधारण निम्मी त्याच्या आत असली पाहिजेत. नाहीतर पंखा कोरमधून हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालची गरम हवाच फिरवत राहतो.

अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो आणि त्याच्या रुंद नळ्या उष्णता चांगली बाहेर टाकतात. तरीही गोव्यात जुन्या जीपसाठी मी तांबे-पितळेचा, नळ्यांची एक रांग वाढवून बांधलेला कोरच सुचवीन, कारण तो फुटला तर साधा कारागीरही डाग देऊन दुरुस्त करू शकतो, तर अ‍ॅल्युमिनियमला वेगळे वेल्डिंग लागते. कोर बांधून घेताना फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) फार दाट ठेवू नयेत. आपली तांबडी माती दाट फिनमध्ये एकदा सुकली की सहज निघत नाही. ती कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे ढकलत धुवावी.

रेडिएटर रबर बुशांवरच बसवावा. चासीला घट्ट आवळला तर खडकाळ वाटेवरच्या पिळाने त्याचे सांधे सुटतात. होज पाईप आणि झाकण नवे घ्यावे, कारण झाकणाने दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळते. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची सवय मात्र सोडावी: त्याने मूळ दोष झाकला जातो आणि घाटाखाली इंजिन गरजेपेक्षा थंड चालते.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कधीही भरू नये, किनाऱ्याजवळचे तर नाहीच. क्षारांमुळे नळ्या आतून खराब होतात. डिस्टिल्ड पाणी आणि तांबे-पितळेला चालणारे कूलंट वापरावे, आणि दोन जातींची कूलंट मिसळू नयेत. भरताना गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर असल्यास त्याचा व्हॉल्व्ह उघडावा आणि थंड इंजिन झाकण काढूनच चालू करावे. वरचा होज गरम झाला, बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर झाली की झाकण लावावे. इंजिन तापलेले असताना बंद झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उसळते.

खोल पाण्यातून जाताना पंख्याची पाती पाण्याच्या रेट्याने पुढे वाकून नव्या कोरमध्ये घुसू शकतात. म्हणून पाणी पंख्यापर्यंत येणार असेल, तर आधी इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा उतरवावा, ओढा ओलांडताच परत चढवावा. पहिल्या घाटफेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, मग पातळी पाहावी आणि होजचे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळावेत.