मॉडेल मालडब्यांवरील छापील क्रमांक कसे बदलावेत

एकाच प्रकारचे आणि एकाच रंगाचे दोन मॉडेल मालडबे विकत घेतले, की अनेकदा दोन्हींवर एकच क्रमांक छापलेला निघतो. डबे कपाटात ठेवायचे असतील तर त्याने काही बिघडत नाही. पण ते एका गाडीत एकामागोमाग जोडले की नजर नेमकी तिथेच जाते, आणि प्रत्येक डब्याचे स्वतंत्र कार्ड ठेवून जिथे मालवाहतूक चालवली जाते, तिथे एका क्रमांकाच्या दोन डब्यांमुळे सरळ गोंधळ होतो. पुढील माहिती एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातील, अमेरिकी मालडबे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण त्यांच्यासाठी आकड्यांचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवायचे पातळ छापील आकडे, निरनिराळ्या वळणांत आणि रंगांत मिळतात.

कामाची सुरुवात पुसण्यापासून करू नये. आधी नवा क्रमांक कागदावर पक्का करावा. अमेरिकी डब्यावर मालकाची ओळख सांगणारी दोन ते चार अक्षरे आणि त्यांच्यापुढे जास्तीत जास्त सहा आकडे असतात. रेल्वे कंपन्या एका बनावटीच्या डब्यांना सलग क्रमांकांची एक मालिका देतात आणि या मालिका ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ या सूचीत नोंदलेल्या असतात; तिचे जुने अंक पाहून त्या मालिकेतलाच क्रमांक निवडला, तर जाणकारालाही खटकत नाही. क्रमांक दोन्ही बाजूंवर आणि दोन्ही टोकांवर मिळून चार ठिकाणी असतो, त्यामुळे दोन आकडे बदलायचे ठरवले तर आठ जागी हात लावावा लागतो आणि सहाही बदलायचे ठरवले तर चोवीस जागी. म्हणून शेवटचा एक किंवा दोनच आकडे बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वळण अनुकूल असेल तर ८ ची डावीकडची कड खरवडून ३ करता येतो आणि नव्या आकड्याची गरजच उरत नाही. अर्थात येथे ८ आणि ३ म्हणजे डब्यावरचे इंग्रजी आकडे 8 आणि 3.

युरोपीय किंवा भारतीय डबा असेल तर एक जास्तीची अट सांभाळावी लागते. युरोपातील बारा आकडी क्रमांकाचा आणि भारतीय वाघिणीच्या अकरा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांवरून काढलेला पडताळा असतो. भारतीय पद्धतीत दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या स्थानांवरील आकड्यांच्या बेरजेला तीनने गुणून तीत उरलेल्या पाच विषम स्थानांची बेरीज मिळवतात आणि येणारी संख्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जितके कमी पडते तितका पडताळ्याचा आकडा धरतात. अनुक्रमांक सातव्या ते दहाव्या स्थानात असतो, त्यामुळे सातवा आकडा एकाने वाढवून नववा एकाने घटवला तर पडताळा तसाच राहतो आणि एक आकडा बदलण्याचे काम वाचते.

कारखान्यात हे क्रमांक पॅड प्रिंटिंगने छापतात. कोरलेल्या पट्टीतली शाई मऊ सिलिकॉनच्या गादीने उचलली जाते आणि रंगवलेल्या डब्यावर टेकवली जाते. म्हणजे शाईचा पातळ थर रंगाच्या वर बसलेला असतो, आणि खालच्या रंगाला धक्का न लावता तेवढाच थर काढणे हीच या कामातली सारी कसोटी आहे. शाई आणि रंग कोणत्या द्रवाने किती मऊ पडतात हे उत्पादकानुसार बदलते, म्हणून द्रवाचा पहिला थेंब डब्याच्या पोटाखाली, जिथे लहान अक्षरांत काही छापलेले असेल तिथे टाकून पाहावा. अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना या कामात अजिबात स्थान नाही. ते रंगाबरोबर खालचे पॉलिस्टायरीन प्लास्टिकही विरघळवतात.

सर्वांत सौम्य आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे डिकॅल मऊ करण्यासाठी वापरतात तो द्रव, उदाहरणार्थ मायक्रो सोल किंवा त्याहून जहाल असलेला सॉल्वासेट. काढायच्या आकड्याभोवती मास्किंग टेप लावून शेजारचे आकडे झाकावेत, टिश्यू पेपरचा आकड्याएवढा तुकडा द्रवात भिजवून त्यावर ठेवावा आणि काही मिनिटांनी उचलून लाकडी दातकोरण्याच्या टोकाने शाई हलकेच घासावी. शाई सुटू लागली की कापूस गुंडाळलेल्या काडीने ती टिपून घ्यावी आणि पुन्हा द्रव लावावा. एकाच दमात सगळे काढण्यासाठी जोर लावला, तर नेमका त्याच क्षणी रंग जातो. औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालते, मात्र काही उत्पादकांचा रंगही ते उचलते, म्हणून काडी ओली ठेवण्याऐवजी ओलसर ठेवावी आणि खिडकी उघडून, ज्योतीपासून दूर बसावे. हातांसाठीचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये, कारण त्यातील ग्लिसरीनचा थर मागे राहतो आणि पुढे डिकॅल नीट चिकटत नाही.

द्रवाने दाद न देणारी शाई कोरड्या पद्धतीने काढावी लागते. छिन्नीसारखे सरळ टोक असलेले नवे पाते जवळजवळ आडवे धरून शाईवरून खरवडावे, किंवा २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरचा बारीक तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून पाण्यासह फिरवावा. कडक खोडरबरही उपयोगी पडते. काचतंतूंच्या पेनाने काम झटपट होते, पण त्याचे तुटलेले तंतू बोटांत शिरतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते हाती घेऊ नये.

आकडा गेल्यावरही तिरप्या उजेडात त्याची पुसट छाया दिसते, कधी घासल्याने आलेल्या चमकेमुळे, तर कधी शाईची कड रंगात रुतलेली असल्यामुळे. चमक नंतरच्या वॉर्निशखाली निघून जाते. रुतलेल्या कडेसाठी मात्र खऱ्या रेल्वेचाच दाखला घ्यावा. डबा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की जुन्या क्रमांकावर रंगाचा चौकोनी पट्टा मारून नवा क्रमांक लिहिण्याची तिथे सर्रास पद्धत आहे. सदर्न पॅसिफिक ही अमेरिकी रेल्वे कंपनी १९९६ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्यावर कित्येक इंजिने जुन्याच रंगात, केबिनच्या खिडकीखाली पिवळा पट्टा आणि त्यावर नवा क्रमांक घेऊन धावत राहिली. डब्याच्या रंगाहून किंचित वेगळ्या छटेचा असा पट्टा मॉडेलवर मारला, तर खालचे सगळे दोष झाकले जातात आणि डब्याला थोडा इतिहासही मिळतो.

नवे आकडे बसवण्याआधी त्या जागेवर चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्यावा. खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी डागासारखी दिसते. हा दोष नंतर काढणे अवघड असते. मूळ डब्यावरचा नऊ इंची आकडा या मापात सुमारे २.६ मिलिमीटर उंचीचा होतो, त्यामुळे डिकॅलचे वळण आणि उंची शेजारच्या आकड्यांशी भिंगातून ताडून घ्यावी. पांढरा रंगही तपासावा: छापील पांढरा बहुधा दाट असतो, तर डिकॅलचा पांढरा गडद रंगावर फिका पडतो.

आकडा कडेलगत कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावा आणि बाहेर काढून, तो कागदावरून आपोआप सरकू लागेपर्यंत थांबावे. आकड्यांच्या तळरेषेला मास्किंग टेपची पट्टी लावलेली असली की रांग सरळ येते. जागेवर मायक्रो सेट या डिकॅल चिकटवण्याच्या द्रवाचा थेंब ठेवून आकडा ओल्या कुंचल्याने सरकवावा, कडेने पाणी टिपावे आणि तो स्थिर झाल्यावर मायक्रो सोल लावावे. काही वेळ आकड्याला सुरकुत्या पडतात. त्या पाहून हात लावण्याचा मोह आवरावा, कारण त्या वेळी डिकॅल इतके मऊ झालेले असते की बोट लागताच फाटते. उभ्या, उठावदार पट्ट्यांच्या डब्यावर आकडा पट्टीच्या कडेवर येत असेल तर तिथेच कापून दोन भागांत बसवावा. रात्रभर वाळू द्यावे. बुडबुडा दिसल्यास सुईने टोचून पुन्हा थोडे मायक्रो सोल सोडावे.

शेवटी वाळलेल्या द्रवाचे डाग ओल्या कापडाने पुसून संपूर्ण बाजूवर मंद वॉर्निश फवारावे, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकाच झळाळीचे दिसतात. महाराष्ट्रात हे काम पावसाळ्यात टाळावे, निदान उघडिपीच्या कोरड्या दुपारची वाट पाहावी. दमट हवेत फवारलेले वॉर्निश पांढुरके पडते. वॉर्निश वाळल्यावर चारही जागांचे क्रमांक एकदा मोठ्याने वाचून जुळवावेत, कारण टोकांवरचा जुना क्रमांक बदलायचा राहून जाणे ही सहज घडणारी चूक आहे. त्यानंतर डब्याचे कार्ड नव्या क्रमांकाने लिहावे.