छोट्या आरएफ सिग्नल जनरेटरने जुना ट्रान्झिस्टर रेडिओ कसा जुळवायचा

जुन्या मीडियम वेव्ह रेडिओत स्टेशन डायलवर भलतीकडेच लागत असेल किंवा आवाज मेल्यासारखा येत असेल तर बऱ्याचदा पार्ट गेलेला नसतो, अलाइनमेंट, म्हणजे आतल्या ट्युनिंगची जुळणी, सरकलेलं असतं. त्यासाठी मोठा बेंच जनरेटर (टेस्टसाठी रेडिओ सिग्नल तयार करणारं टेबलावरचं यंत्र) नको, टायनीएसए सारखं खिशात मावणारं चालतं, जनरेटर मोडमध्ये १०० किलोहर्ट्झपासून पुढे सिग्नल देतं आणि एएम (सिग्नलवर टोन चढवणं) पण करतं.

आधी एक सांगतो, हे फक्त सेलवरच्या सेटसाठी. मेनवर चालणाऱ्या काही जुन्या व्हॉल्व्ह सेटची चासीच लाइव्ह असते, तिथे हात घालू नका.

जनरेटर रेडिओच्या आत जोडायची गरजच नाही. वायरचे चार-पाच वेढे घ्या, सिरीजमध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर टाका, जनरेटरला जोडा आणि तो लूप फेराइट रॉडपासून (रेडिओच्या आतली अँटेनाची काळी दांडी) वीतभर लांब ठेवा. मॉड्युलेशन एएम, टोन १ किलोहर्ट्झ, डेप्थ (टोन किती चढवायचा) ३० टक्के. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरला लावा, कानापेक्षा मीटर बरा.

आता खरी गोम, लेव्हल. सगळे इथेच फसतात. सिग्नल जोरात दिला की रेडिओचं एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) गेन खाली खेचतं, मग तुम्ही कोअर (कॉईलमधला फिरवायचा तुकडा) इकडे फिरवा नाहीतर तिकडे, मीटर जवळजवळ तिथल्या तिथे आणि पीक (मीटर सर्वात जास्त दाखवतो ती जागा) सापडतच नाही. म्हणून टोन जेमतेम ऐकू येईल एवढीच लेव्हल ठेवा, पीक येत गेला की अजून कमी करा किंवा लूप लांब न्या.

पहिले आयएफ, म्हणजे रेडिओ आत प्रत्येक स्टेशन ज्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती. जनरेटर ४५५ किलोहर्ट्झ, गँग (डायलबरोबर फिरणारा ट्युनिंग कंडेन्सर) पूर्ण बंद म्हणजे डायल खालच्या टोकाला, स्टेशन नसेल अशी जागा बघा. मग काळा, पांढरा, पिवळा असे रंगाने ओळखायचे आयएफटी (आयएफ ट्रान्सफॉर्मर) मागून पुढे मीटर जास्तीत जास्त येईपर्यंत फिरवा, परत एक फेरी मारा. प्लास्टिकचाच टूल घ्या, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने ट्युनिंग पण बदलतं आणि कोअर पण तडकतो, आणि तडकलेला कोअर आत अडकला की शिव्या घालत बसायचं. (४५५ चालू असताना डायल ९१० कडे गेला आणि तिथे पण टोन आला तर घाबरू नका, तो जनरेटरचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे ४५५ ची दुप्पट.)

मग ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन डायलवर कुठे लागेल ते ठरवणारं सर्किट. जनरेटर ६०० किलोहर्ट्झ, डायल ६०० वर, लाल कॉईल फिरवून टोन आणा. जनरेटर १४००, डायल १४०० वर, गँगवरचा ऑसिलेटर ट्रिमर (जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवा. एक केलं की दुसरं थोडं हलतं त्यामुळे दोन-तीन वेळा आलटून पालटून करायला लागतं. अँटेना पण तसंच, ६०० ला रॉडवरची कॉईल सरकवायची, १४०० ला अँटेना ट्रिमर.

वॉकीटॉकी किंवा हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) सेट टेस्ट करत असाल तर मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) टाका आणि माइक काढूनच ठेवा, चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं तर पाच वॅट उलटे जनरेटरमध्ये जातात आणि तो तिथेच संपतो. जनरेटरला लांब अँटेना लावून हवेत सिग्नल सोडायचा नाही, ते बेकायदेशीर आहे.

झालं की जनरेटर बंद करून खरं स्टेशन लावून बघा, पुण्यात असाल तर आकाशवाणी ७९२ वर. डायलवर बरोबर बसलं की रॉडवरची कॉईल मेणबत्तीच्या दोन थेंबांनी चिकटवून टाका.