व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नव्हते, ते असं जुळलं (माझा अनुभव)

६२व्या वर्षी विणकाम शिकवणारं चॅनल सुरू केलं. लक्षण असं: सुरुवातीला ओठ-आवाज बरोबर, दहाव्या मिनिटाला आवाज मागे. 'आता धागा गुंडाळा' ऐकू येईपर्यंत पडद्यावर टाका पूर्ण झालेला असायचा.

माइक बदलला, फोन रिकामा केला. एडिटिंगमध्ये आवाज अलीकडे ओढला, तर शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. तीन आठवडे नुसता वैताग.

कारण असं की फोन दर सेकंदाला सारख्याच फ्रेम (व्हिडिओ बनवणारी एकेक चित्रं) घेत नाही, उजेड कमी झाला की कमी घेतो. काही एडिटिंग प्रोग्रॅम मात्र त्या सारख्याच धरून चालतात, म्हणून आवाज हळूहळू मागे पडतो.

मूळ फाइल कॉम्प्युटरवर घ्या. हँडब्रेक (व्हिडिओ फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम, मोफत आहे) उघडून तिथे टाका. 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) ३० निवडा. फोनचं सेटिंग ६० असेल तर ६०. मग 'पीक फ्रेमरेट'ऐवजी 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', म्हणजे कायम सारखा. सगळी मेख इथेच आहे. मग 'स्टार्ट'. तयार झालेली नवी फाइलच एडिटिंगला घ्या. आधी एडिटिंग आणि नंतर हे, असं करू नका. मी केलं होतं, चूक तशीच राहते.

आता २५ मिनिटांच्या धड्यातही शेवटचा टाका शब्दाबरोबर पडतो.